पन्नास टक्के मावशी

चाहूलने कृत्तिकाच्या करंगळीतून रक्ताचा एक थेंब घेतला, सतरा सेकंद विचार केला आणि औषधाच्या कपाटाला कुलूप लावून टाकलं.

खट्! एवढाच आवाज. पण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मघाने तो ऐकला. मघाच्या हातात सुई होती, सुईला नळी होती आणि नळीतून लालभडक औषध थेंबाथेंबाने तिच्या अंगात उतरत होतं. तिची ही शेवटून दुसरी खेप, कृत्तिकाची आज पहिली. दोघी जुळ्या बहिणी, दोघींना एकच आजार, एकच औषध, आणि खुर्च्याही हट्टाने शेजारी-शेजारी मागून घेतलेल्या.

"बिघडलं वाटतं," कृत्तिका म्हणाली. "मघे, तुझ्या वेळीपण असंच करायचं का हे?"

"छे! माझ्यावर त्याचं प्रेम आहे."

डॉक्टर तस्लीम मुजावर आल्या. त्यांनी पडद्यावरचं वाचलं, पुन्हा वाचलं आणि स्टूल ओढून बसल्या. मिरजेच्या या रुग्णालयात डॉक्टर स्टूल ओढून बसल्या की बातमी वाईट असते, हे मघाला इतक्या खेपांत पाठ झालं होतं.

"कृत्तिका, तुम्हाला दिवस गेलेत. नववा आठवडा चालू आहे."

कृत्तिकाची पाळी आधीपासून लहरी, त्यात आजाराची धावपळ. तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचा हात आधी पोटाकडे गेला, मग छातीतल्या गाठीकडे, आणि मध्येच कुठेतरी थांबला.

आणि मघा? तिला बहिणीची काळजी वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी वाटलं ते हे: अय्या, हिला परत!

त्याचं असं होतं. या दोघी साध्या जुळ्या नव्हत्या, एकाच बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेल्या. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून नावं नक्षत्रांची. कृत्तिका आठ मिनिटांनी मोठी, आणि त्या आठ मिनिटांत तिने जगातलं चांगलं ते सगळं उचलून घेतलं, असं मघाचं ठाम मत होतं. दोघींनी एकच उत्तर लिहिलं तरी कृत्तिकाला अर्धा मार्क जास्त. स्नेहसंमेलनात कृत्तिका राणी, आणि मघा कोण? राणीचं आरशातलं प्रतिबिंब! एक वाक्य नाही, नुसते हात हलवायचे. लग्नानंतर वर्षभरात कृत्तिकाला रेणू झाली. मघाने सहा वर्षं इंजेक्शनं टोचून घेतली. दोनदा आशा लागली, दोनदा गेली. आता या लाल औषधाने उरलीसुरली शक्यताही जवळजवळ पुसली होती.

मग मघाला स्तनाचा कर्करोग झाला. आईला झाला होता तोच, आईकडून आलेल्या त्याच जनुकामुळे. खोटं कशाला बोला, घाबरून आणि रडून झाल्यावर तिला एक चोरटं समाधान वाटलं होतं. लोक भेटायला यायचे, डोक्यावरून हात फिरवायचे. हे एक तरी माझं एकटीचं! पण चार महिन्यांत तपासणीत कृत्तिकाला तोच निघाला.

"आजारसुद्धा माझा एकटीचा राहू दिला नाहीस गं," मघा म्हणाली होती आणि दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. मघा जरा कमी हसली होती.

आता चाहूल म्हणजे काय ते बघू, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

पोटात गर्भ रुजला की त्याच्या वारेतून डीएनएचे बारीक बारीक तुकडे सुटतात आणि आईच्या रक्तातून फिरत राहतात, ओढ्यातून पाला वाहत जावा तसे. पूर्वी हे तुकडे वेचून वाचायला मोठी प्रयोगशाळा आणि आठवडाभर वेळ लागायचा. पावाच्या लादीएवढं हे यंत्र ते काम सतरा सेकंदांत करायचं, म्हणून त्याचं नाव चाहूल. गर्भपात पूर्ण बंद करणारा कायदा आला तेव्हा देशातल्या प्रत्येक औषधाच्या कपाटाला एकेक चाहूल जोडली गेली. बाईचा थेंब घ्यायचा. त्यात गर्भाचे तुकडे सापडले, तर गर्भाला अपाय करणारी झाडून सगळी औषधं कुलपात. औषधासाठी पुरुषांचा थेंब घेतच नसत. समोरच्या खुर्चीत एक काका आपली बाटली लावून मस्त घोरत होते.

"पूर्वी अशा वेळी काय करायचे हो?" कृत्तिकाने विचारलं. "मला बाळ नकोय असं नाही. पण मला आधी जगायचंय. माझी रेणू सहा वर्षांची आहे."

"पूर्वी बाई आणि डॉक्टर बसून ठरवायचे," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "गर्भ काढून उपचार सुरू करता यायचे. किंवा तीन महिने उलटले की गर्भ ठेवूनसुद्धा काही औषधं देता यायची. हे लाल औषधदेखील. आता ते यादीत आहे म्हणजे आहे. कितवा महिना, हे कपाट विचारत नाही."

"मग मी काय करू?"

"बत्तीस आठवडे भरले की बाळ काढायची परवानगी आहे. तोवर थांबायचं."

कृत्तिकाने बोटांवर मोजलं. "म्हणजे तेवीस आठवडे."

"थांबलं तर काय होईल?" मघाने विचारलं.

"तुमची गाठ वाटाण्याएवढी असताना आपण सुरुवात केली. यांचीही आज तेवढीच आहे. या जातीच्या पेशी पाच आठवड्यांत दुप्पट होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. तेवीस आठवड्यांत जवळजवळ चोवीसपट. आणि त्या एका जागी बसून राहत नाहीत. यकृतात जातात, हाडांत जातात, तिथे बिऱ्हाड थाटतात. एकदा तिथे पोचल्या की मी दिवस वाढवू शकते, बरं करू शकत नाही."

काका घोरत राहिले.

"एक वाट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कायद्याने प्रत्येक गर्भाला एक पालक दिलाय. गर्भपालक. त्याने औषधाला लेखी होकार दिला, तर कपाट उघडतं. मात्र बारावा आठवडा संपायच्या आत."

"मग मी देते की! मी आई आहे."

"तुम्ही नाही देऊ शकत. कायद्याच्या भाषेत तुम्ही पक्षपाती. तुम्हाला तुमचा जीव प्यारा. नवऱ्याला बायको प्यारी, म्हणून तेही बाद. पालक तिसराच हवा, पण रक्ताचा. तो चाहूलच शोधते, सगळ्यांची नोंद आहेच तिच्याकडे. एरवी आजी निघते, मामा निघतो. पंचवीस टक्के जुळणारे." त्यांनी पडदा मघाकडे वळवला. "हे मात्र मी पहिल्यांदाच बघतेय."

पडद्यावर मघाचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, जुळणी पन्नास टक्के.

"पन्नास म्हणजे?"

"बाळाला निम्मा डीएनए आईकडून मिळतो. तुम्हा दोघींचा डीएनए एकच. म्हणजे चाहूलच्या लेखी तुम्ही मावशी नाहीच, मघाताई. आईच आहात. फक्त शेजारच्या खुर्चीत बसलेल्या."

कृत्तिका खळखळून हसली. "मग सुटलोच की! मघे, दे होकार. माझ्या पर्समधली चिक्की तुझी."

मघा मात्र अजून पडद्याकडेच बघत होती. "विचार करते," ती म्हणाली.

"कसला विचार?"

"लेखी द्यायचंय ना. दोन दिवस दे."

"मघे..."

"दोन दिवस गं!"

दोन दिवसांचे पाच झाले. पालक म्हणून नाव लागल्याबरोबर मघाच्या फोनवर एक ॲप आपोआप येऊन बसलं होतं. रोज सकाळी ते सांगायचं: आज तुमचं बाळ द्राक्षाएवढं आहे. तुमचं! मघा तो शब्द दोन बोटांनी मोठा करून बघायची. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कृत्तिकाची एक वस्तू निम्मी तिची होती, आणि ती कोणाला दाखवायचीही तिची तयारी नव्हती.

सहाव्या दिवशी ती कृत्तिकाच्या घरी गेली. तिथे वैजूताई, म्हणजे कृत्तिकाची नणंद, आधीच येऊन बसली होती. मनाने भाबडी, तोंडाने अखंड सुरू. "होईल गं सगळं नीट," ती म्हणत होती, "आणि बाळ झालंच तर नाव मी ठेवणार हं! रेणूच्या वेळी मी दुबईत होते, माझा मान हुकला. या वेळी बारशाला कानात कुर्र करून मीच सांगणार. आत्याचा मान आहे तो!"

"ताई, अजून कशात काय नाही," कृत्तिका म्हणाली आणि मघाला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. पोह्यांना फोडणी द्यायची होती. "दिलास होकार?"

"कृतू, ऐक ना. बत्तीस आठवडे काढ. बाळ मला दे. मी सांभाळीन, तुला बोटसुद्धा हलवायला नको."

"आणि मला कोण सांभाळेल?"

"नंतर औषध आहेच की."

"चोवीसपट, मघे."

"तुझ्याकडे रेणू आहे! माझ्याकडे काय आहे?"

कृत्तिकाने गॅस बंद केला. मोहरी कढईत तडतडायची थांबली. "तुझ्याकडे औषध आहे," ती म्हणाली.

मघा तणतणत बाहेर आली. वैजूताई एका लग्नपत्रिकेच्या मागे नावं लिहीत बसली होती. आत्याचा मान म्हणे! हिचे टक्के किती? पंचवीस! मघा गॅलरीत गेली आणि तिने ॲप उघडलं. त्यात "बाळाचे नाव" अशी एक रिकामी चौकट तिने पहिल्याच दिवशी पाहून ठेवली होती. मुलगा की मुलगी हे ॲप सांगत नसे, म्हणून दोघांनाही शोभेल असं तिने लिहिलं. किरण. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. तिने "मान्य" दाबलं. आपण सगळेच दाबतो.

फोन थरथरला. किरणचं स्वागत असो!

मघाने आत जाऊन दोन बश्या पोहे खाल्ले. वैजूताईने तिला आपली यादी वाचून दाखवली, तेव्हा ती अगदी गोड हसली.

अकराव्या आठवड्यात मघाची शेवटची खेप आली. त्या दिवशी कृत्तिका काही कारण नसताना रुग्णालयात आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. तिच्या हातात सुई नव्हती. होकाराचं तिने काढलंच नाही. ती नुसती नळीकडे बघत होती.

"रंग किती छान आहे गं," ती म्हणाली. "कोकम सरबतासारखा."

"उलट्या व्हायला लागल्या की कळेल छान."

"होऊ देत की." कृत्तिकाने नळीला बोट लावलं. मग तिने मघाच्या डोक्यावरचा रुमाल हळूच सरकवला. "टक्कल केवढं गुळगुळीत झालंय तुझं!"

"हसू नकोस हं."

"हसत नाहीये. हेवा करतेय. काल न्हाताना माझा एक केस गळला नाही, मघे. एकसुद्धा नाही! मी सगळी मोरी शोधली. आरशात बघितलं तर ही लांब वेणी. मला वाटलं, मघासारखं टक्कल हवं. मघासारख्या उलट्या हव्यात. मला तुझं सगळं हवंय."

मघाला हेवा करणं ठाऊक होतं, त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण कोणी आपला हेवा करणं? आणि तोही कृत्तिकाने? ते इतकं गोड होतं की मिनिटभर ती ते चघळत राहिली. खरंच चघळत राहिली! कृत्तिका तिच्या टकलाकडे भुकेल्या पोराने जिलबीकडे बघावं तसं बघत होती, आणि मघाला वाटत होतं, बघ, अजून बघ.

मग तिची नजर कृत्तिकाच्या मनगटावर गेली. बांगडी सैल होऊन कोपरापर्यंत घसरली होती. आईच्या शेवटी शेवटी अशाच घसरायच्या.

"डॉक्टर!" मघा इतक्या जोरात ओरडली की दोन सिस्टर धावत आल्या. "डॉक्टरांना बोलवा! मला होकार द्यायचाय. आत्ताच. याच खुर्चीत!"

डॉक्टर मुजावर आल्या त्या जवळजवळ पळतच. मघाने यंत्रावर करंगळी टेकवली. चाहूलने थेंब घेतला. सतरा सेकंद. कृत्तिकाने बाही दंडापर्यंत वर करून ठेवली होती.

कपाट उघडलं नाही. डॉक्टरांनी पडदा वाचला. आणि मग त्यांनी हात मागे नेऊन स्टूल शोधलं.

"या गर्भाचं नाव ठेवलंय कोणीतरी," त्या म्हणाल्या.

"मग?" मघाने विचारलं.

"नाव नसेपर्यंत तो नुसता क्रमांक असतो. तोवर पालकाचा होकार चालतो. नाव पडलं की कायद्याने तो माणूस. मग होकार फक्त न्यायाधिकरण देऊ शकतं." त्यांचा आवाज उतरला. "मी सांगायला हवं होतं. पण चार वर्षांत या वॉर्डात एकाही पालकाने नाव टाकलं नाही हो. आपल्याकडे जन्माआधी नाव कोण ठेवतं? बारशाआधी लोक नाव तोंडातून काढत नाहीत. कायदा लिहिणाऱ्यांना काय, वाटलं असेल की नाव ठेवलं म्हणजे माया जडली."

"वैजूताईंनी ठेवलं का?" कृत्तिकाने विचारलं.

"पालकाशिवाय कोणालाच ठेवता येत नाही."

कृत्तिकाने पडदा स्वतःकडे वळवून वाचला. बाही हळूहळू खाली ओढून घेतली आणि बटण लावलं.

"किरण," ती म्हणाली. "छान आहे."

मघाने काय काय केलं नाही! नाव पुसायला अर्ज केला. नाव पुसता येत नाही. पालकपद सोडायला अर्ज केला. तसं केलं तर नवा पालक नेमायला चार महिने. "मी हेव्यापोटी केलं," असं तिने सही करून लिहून दिलं. त्यावर उत्तर आलं की अर्जाच्या नमुन्यात हे कारण उपलब्ध नाही. न्यायाधिकरणाने एकोणतिसाव्या आठवड्यातली तारीख दिली, आणि त्या दिवशी निकाल अडीच ओळींचा होता: आता तीनच आठवडे उरले आहेत, तेव्हा थांबणे उचित.

बत्तीस आठवडे भरले आणि किरण जन्मली. मुलगी. पपईएवढी, लालबुंद, आणि आवाज मात्र अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा. त्याच आठवड्यात कृत्तिकाच्या यकृतात तीन ठिपके दिसले आणि पाठीच्या मणक्यात एक.

"बाळ कसं आहे?" एवढंच तिने डॉक्टरांना विचारलं. ठिपक्यांचं विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी पोटावरची जखम भरली आणि लाल औषध तिच्या हाताला लागलं. दिवस वाढवण्यापुरतं. मघा खाटेशेजारी बसली होती. तिच्या डोक्यावर बोटभर केस आले होते, काळेभोर. त्याच सकाळी बाळाचा जन्मदाखला तिच्या फोनवर आला होता आणि तो तिने अजून कोणाला दाखवला नव्हता. जन्मदाखल्यासाठी बाळाच्या टाचेतून थेंब घेतात आणि आई कोण ते चाहूलच लिहिते. चाहूलला दोन आया सापडल्या, दोन्ही पन्नास टक्के. अशा वेळचा नियम तयार होता: दावे समान असतील, तर पक्षपाती अशी नोंद असलेली व्यक्ती वगळावी. डॉक्टर मुजावर त्या कचेरीत तासभर भांडून आल्या. "पोटातून मी काढलंय बाळ, या हातांनी!" असं त्या म्हणाल्या. समोरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं की पोटाचा रकाना नाही.

"कोणाचा मेसेज सारखा बघतेस?" कृत्तिकाने विचारलं.

"काही नाही. कंपनीचे असतात ना."

तेवढ्यात नवजात कक्षातली सिस्टर दारात आली. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला रोज तासभर आईच्या उघड्या छातीशी धरतात. काचेच्या पेटीपेक्षा त्या उबेत ते भराभर वाढतं. किरणचा आज पहिला दिवस होता.

"किरणची आई कोण?"

कृत्तिकाने हात वर केला. चटकन, मघाने मान वळवायच्या आधी.

सिस्टरने हातातल्या पडद्याकडे पाहिलं, मग त्या दोन सारख्या चेहऱ्यांकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "नाही ताई, तुम्ही नाही. हात खाली घ्या, नळी ओढली जातेय." आणि मघाकडे वळून, "चला मघाताई. वरची बटणं सोडून ठेवा."

कृत्तिकाने हात खाली घेतला. काय झालं ते तिला कळायला फार वेळ लागला नाही. ती मघाकडे बघू लागली, आणि ती नजर मघाला पुरती ओळखीची होती. चौतीस वर्षं ती स्वतः तीच नजर घेऊन हिंडली होती.

मी मावशी आहे, असं मघाला म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंही.

"चला ना," सिस्टर म्हणाली. "बाळ गार पडतंय."

मघा उठली. दारापर्यंत पोचायच्या आतच तिचा हात पहिल्या बटणाकडे गेला होता.